नमुना अंगाला लावून आणा

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टींचा ढीग साठतो. रिकाम्या डब्या आणि किस्से. डब्यांचं ठीक आहे, त्या पिवळ्या पिशवीत भरल्या की गाडी येऊन घेऊन जाते. किश्श्यांचं काय करायचं? घरी सांगायची सोय नाही. मागे पुण्याला गेले तेव्हा जेवताना नुसतं "आज ना एक पेशंट..." एवढंच म्हणाले, तर बाबा ताट उचलून टीव्हीसमोर जाऊन बसले! म्हणून म्हटलं तुम्हालाच सांगते. जेवण झालंय ना? मग बसा.

तर, मी खामगावला एका दवाखान्यात लॅब सांभाळते. ज्यांना मूल होत नाही अशी जोडपी आमच्याकडे येतात. बाकीचं सगळं आमचे डॉक्टर सर बघतात, नवऱ्याच्या वीर्याची तपासणी माझ्याकडे. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि बघायचं, शुक्राणू किती आहेत, जिवंत किती, पळतायत किती आणि नुसते जागच्या जागी डुलतायत किती. मी मूळची कोथरूडची, अजून लग्न नाही. इथल्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लॅबमधी म्हणजे रक्त तपासता का?" मी म्हटलं, "हो... तसंच काहीतरी."

काउंटरवर आमच्या सुनंदाताई. पक्क्या खामगावच्या. आवाज असा, की त्यांनी बाहेर नंबर पुकारला की आत माझ्या काचेवरचे शुक्राणू दचकतात. बाकी सगळी नावं मी बदललीत. सुनंदाताईंचं तेवढं खरं आहे. त्यांनीच बजावलं, "माहं नाव टाकजो. बाकीच्याईचं नको टाकू."

*

पहिला आठवडा. सुनंदाताई आत गेल्या होत्या म्हणून काउंटरवर मी. समोर एक गृहस्थ आले. पांढरा शर्ट, ही एवढी मिशी, चेहरा रडवेला.

"म्याडम, माही पाळी चुकली!"

मी हातातलं पेन खाली ठेवलं. बी.एस्सी.ला हे शिकवलं नव्हतं. एम.एस्सी.लाही नाही. तरी प्रोफेशनल राहायचं म्हणून शांतपणे विचारलं, "कधीपासून?"

"आत्ताच. बाहीर चहा प्याले गेलतो."

तेवढ्यात मागून आवाज आला, "चुकली तं चुकली! बसा मांगं, शेवटी घेतो!"

पाळी म्हणजे नंबर हो! टर्न! माहीत मलाही होतं, पण त्या दवाखान्यात बसून माणसाला दुसरं काय सुचणार?

आणि बघितलंत ना, सुनंदाताई "घेतो" म्हणाल्या. इकडे बायकाही "मी जातो, मी करतो" म्हणतात. हे माझ्या डोक्यात बसायला वेळ लागला. बसलं ते कविताच्या दिवशी.

*

कविता आणि रामेश्वर, वडनेर भोलजीचे. हायवेवर त्यांचं कचोरीचं हॉटेल आहे. नागपंचमीच्या सुमाराला आले, सोबत रामेश्वरची आई. खरं तर आईच त्या दोघांना घेऊन आली होती. पिशवीतून तिनं कविताचे रिपोर्ट काढून टेबलावर आपटले. सोनोग्राफी, रक्त, नळ्यांची तपासणी, सगळं झालेलं, सगळं नॉर्मल.

"आता हे शेवटचं," ती सरांना म्हणाली. "तुळशीचं लगन लागलं का मी पोराचं दुसरं लगन लावतो. पोरगी पाहून ठेवली हाय."

कविता शेजारीच बसलेली! रामेश्वर जमिनीकडे बघतोय. सर म्हणाले, "मावशी, असं दुसरं लावता येत नाही, कायदा आहे. आणि रामेश्वरची तपासणी कुठाय?"

"आमच्या पोराले काय झालं? एका घाण्यात शंभर कचोऱ्या काढते थो!"

"मावशी, आपल्याला कचोऱ्या नाही मोजायच्या."

रामेश्वरला आमच्या आतल्या खोलीत पाठवलं, डबी घेऊन. गेला तो गेलाच. शेवटी सुनंदाताईंनी दार वाजवलं, "भाऊ, झोपले का?" अख्खा वेटिंग हॉल हसला. बिचारा बाहेर आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता. पण डबी रिकामी नव्हती.

मी काच लावली. आणि सिरीयसली सांगते, मला वाईट वाटलं. निम्म्याहून जास्त मेलेले. उरलेले असे चाललेले, जणू पंगतीत दुसऱ्यांदा जिलबी घेऊन उठलेत.

सरांनी रिपोर्ट बघून एकच प्रश्न विचारला, "रामेश्वर, तुमची भट्टी किती उंच आहे?"

रामेश्वरनं उभं राहून हात लावून दाखवलं. बरोबर पट्ट्याच्या खाली. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं आणि मग सगळ्यांनी एकदम भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

सर म्हणाले, "शुक्राणूंना अंगातली गरमीसुद्धा सोसत नाही. म्हणून तर देवानं त्यांची सोय आत नाही केली, बाहेर ओसरीवर केली. तुम्ही ओसरीपुढेच भट्टी पेटवलीत! सकाळपासून संध्याकाळपर्यंत. कसे जगतील?"

उपाय सोपा होता. नवीन शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच-तीन महिने लागतात. तेवढे दिवस भट्टीसमोर उभं राहायचं नाही, तंबाखूचा खर्रा बंद, कढत पाण्यानं आंघोळ बंद. मग पुन्हा तपासायचं. म्हणजे तुळशीच्या लग्नाच्या अगदी तोंडावर.

"तीन महिने?" रामेश्वर घाबरला. "अन् मंग तळणार कोण?"

"मी तळतो."

मी लिहीत होते. आवाज बाईचा, क्रियापद पुरुषाचं! मान वर केली तर कविता. तोवर ती एक शब्द बोलली नव्हती.

सासू म्हणाली, "बाईमाणूस हायवेवर उभं राहून तळणार? लोक काय म्हणतीन?"

"तुमीच म्हणता ना आई, माह्यात काहीच नाई म्हणून," कविता म्हणाली. "मंग मले भट्टीनं काय होते?"

जाताना ती माझ्यापाशी थांबली. हळूच विचारलं, "म्याडम, थे जगते किती?"

मी सांगितलं. उघड्यावर सांडलं, वाळलं, की संपलं. डबीत थोडा वेळ जगतात, पण तासाभरात माझ्याकडे पोचले तरच तपासणी खरी. आणि बाईच्या अंगात, दिवस बरोबर असले, तर पाच दिवससुद्धा जगतात. वाट बघत बसतात.

सुनंदाताईंना लांबचं ऐकू येतं. तिथूनच ओरडल्या, "ऐकलं का, बुढे? बाहीर तासाभरात जीव जाते, अन् बाईच्या अंगात पाच-पाच दिवस काढते! तरी म्हणता, बाईतच खोट हाय!"

सासूबाईंनी पदर सारखा केला. "चाल वं," एवढंच म्हणाल्या.

*

मधले तीन महिने मी काही नुसती बसून नव्हते. नमुन्यांमागून नमुने येत होते. दोन्ही अर्थांनी!

अमडापूरचे एक दादा. सुनंदाताईंनी त्यांना फोनवर सांगितलं, "उद्या सकाळी नमुना घेऊन या. ताजा पाह्यजे बरं, तासाभराच्या आतला."

दुसऱ्या दिवशी दादा धापा टाकत आले. गाडी कशी पळवली ते सांगितलं, घाम पुसला आणि छातीशी धरलेला कागद टेबलावर ठेवला. ग्रामपंचायतीचा नमुना आठ! घराचा उतारा!

"एकदम ताजा हाय, म्याडम. ग्रामसेवकाले घरून उठवून आणलं. शाई बी वाळली नाई!" आणि मग खिशातून आणखी एक घडी काढली. "सोबत सातबारा बी आणला. लागला तं."

मी खाली बघून ओठ चावत होते. सुनंदाताईंना असलं काही जमत नाही. म्हणाल्या, "भाऊ, शेत कायले दाखोता? बी दाखवा, बी!"

*

त्या दिवसापासून सुनंदाताई फोनवर सगळं फोडून सांगायला लागल्या. तेही अख्ख्या वेटिंग हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात. "नमुना म्हणजे वीर्य! थंड होऊ द्याचं नाई! अंगाले लावून आणा!"

धामणगाव बढेचा एक तरुण मुलगा आला. नवीन लग्न झालेला, इस्त्रीचा शर्ट, फार सभ्य. माझ्यासमोर डबी ठेवली. रिकामी.

"नमुना?" मी विचारलं.

"लावला ना."

"कुठे लावला?"

"अंगाले. ताईनंच सांगतलं ना, अंगाले लावून आणा."

मी दोन पावलं मागे सरकले. तो हॅन्डशेकसाठी हात पुढे करत होता!

आता आम्ही "डबी शर्टाच्या आत, पोटापाशी धरून आणा" असं म्हणतो. कर्ता, कर्म, क्रियापद सगळं जागच्या जागी!

*

याच मुलाचा पुढच्या वेळी रिपोर्ट आला. तेव्हा आमच्या छापील रिपोर्टवर जुना शब्द होता, शुक्रजंतू. मी त्याला समजावत होते, "हे बघा, शुक्रजंतू थोडे कमी आहेत, पण काळजी..."

त्याचा चेहरा खुलला. "कमी झाले? मंग तं गोळी लागू पडली!"

"कुठली गोळी?"

"जंताची! माह्या भावानं सांगतलं, तपासणीत जंतू निघतीन. म्हून मी आधीच घेऊन घेतली. अन् ते डबी बी डेटॉलनं तीनदा धुतली. एकदम चकाचक!"

मी पुन्हा रिपोर्टकडे बघितलं. तो खूश होता. मी नव्हते. डेटॉलनं धुतलेल्या डबीत कोण जगणार? साबण चालत नाही, तेल चालत नाही, थुंकीसुद्धा चालत नाही त्यांना! तपासणी परत करायला लावली, साध्या कोरड्या डबीत. तर सगळं ठणठणीत!

सरांनी दुसऱ्याच दिवशी नवे कागद छापून घेतले. शुक्रजंतू काढलं, शुक्राणू टाकलं. पहिलाच पेशंट तो कागद हातात घेऊन दचकला. "अणू? बॉम्ब हाय का म्हणजे?"

*

एक काका होते, दुधाचा धंदा. ते मुलाचा नमुना घेऊन आले. मुलगा शाळेत मास्तर, त्याला रजा नव्हती. काकांनी दुधाची छोटी किटली आणली, किटलीत बर्फ, बर्फात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डबी.

मी कपाळावर हात मारला. "काका, बर्फात कशाला ठेवलं?"

"नासू नाई म्हून! दूध टिकते, मंग हे काऊन नाई टिकत?"

मी सांगितलं की एकदम थंडीनं ते बसतात, बरेचसे मरतात. गरमी नको, तशी थंडीपण नको. काका ऐकून घेत होते, पण पटत नव्हतं. शेवटी त्यांनी मला पकडलंच.

"म्याडम, एक सांगा. आमच्या गावात गाईचा डॉक्टर येते. त्याच्याजवळ टाकी असते. झाकण उघडलं का धूर निघते, इतकी थंड. त्यातली कांडी काढते अन् गाईले भरते. बरोबर?"

"बरोबर."

"त्या कांडीवाल्या बैलाले मरून जमाना झाला. अन् वासरं अजून होऊन राह्यले! मंग त्या बैलाचे काऊन नाई मरत बर्फात?"

आता आली का पंचाईत? मग मी त्यांना खुर्चीत बसवून सगळं समजावलं. ती टाकी बर्फाची नसते, नायट्रोजनची असते. त्यात बर्फापेक्षा कितीतरी जास्त गारठा. आणि गोठवायच्या आधी एक खास औषध मिसळतात, म्हणून आतमध्ये बर्फाचे काटे होत नाहीत. एकदा नीट गोठले की मग ते वर्षानुवर्षं झोपून राहतात. माणसाचेसुद्धा ठेवता येतात.

काकांनी किटलीतला बर्फ बादलीत ओतला. मग उठले, रिकामी किटली उचलली आणि म्हणाले, "म्हणजे थोड्या थंडीनं मरते अन् लय थंडीनं जगते. माह्या पोराच्या मास्तरकीसारखंच हाय. थोडं शिकला असता तं शेतीत खपला असता, लय शिकला म्हून पगारावर जगते!"

*

या सगळ्यात माझं डोकं मात्र वडनेरला. दसऱ्याच्या सुट्टीत मैत्रिणीकडे मलकापूरला जाताना मुद्दाम मध्ये उतरले. म्हटलं, कचोरी खाऊ, बघूनपण येऊ.

कविता भट्टीवर. डोक्याला रुमाल बांधलेला, हातात झारा, समोर फुगलेल्या कचोऱ्या तेलात गोल फिरतायत. आणि रामेश्वर? लांब गल्ल्यावर, डोक्यावर पंखा, सैल पायजमा, प्लास्टिकच्या खुर्चीत पाय फाकवून बसलेला. चेहरा असा की कोणीतरी त्याला तिथं चिकटवून ठेवलंय.

मी कचोरी घेतली. यार, काय कचोरी होती! कविताला बघून शिटी वाजवत पुढे गेलेला एक ट्रकवाला मागे वळून आला आणि त्यानं चार बांधून नेल्या.

मी हळूच विचारलं, "लोक काही बोलतात का?"

रामेश्वर इकडे-तिकडे बघून म्हणाला, "पहिले लय बोलले. 'काऊन बे, बायकोले भट्टीवर ठेवून तू पंख्याखाली?' मी कोणालेच काही सांगतलं नाई. मंग माहं हे असं बसणं पाहून अख्ख्या गावानं ठरवून टाकलं, रामेश्वरले मूळव्याध झाली."

"अरे देवा! मग?"

"मंग काय? रोज कोणी ना कोणी औषध आणून देते. कोणी सुरण देते, कोणी ताक. सरपंचानं तं मऊ गादी पाठोली खुर्चीसाठी." आणि तो खुर्चीवरची गादी थोपटून म्हणाला, "मी नाई म्हणत नाई, म्याडम. खरं सांगण्यापेक्षा मूळव्याध बरी!"

मागून सासूबाई आल्या. मला ओळखलं, पण ओळख दाखवली नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "तुळशीचं लगन जवळ आलं." कविताच्या हातातला झारा क्षणभर थांबला. मग पुन्हा फिरायला लागला.

माझी उरलेली कचोरी मला गोड लागली नाही.

*

आता काळी-पिवळीचा, म्हणजे इकडच्या शेअर जीपचा किस्सा. हा मला तीन जणांनी तीन तऱ्हांनी सांगितलाय. शेवट मात्र मी डोळ्यांनी बघितलाय.

दिवाळी झाली, तपासणीचा दिवस आला. रामेश्वर काही दवाखान्यात यायला तयार नाही. "त्या ताई दार वाजवतेत." म्हणून घरीच डबी भरली आणि घेऊन निघाली कविता. सांगितलं होतं तशी शर्टाच्या आत नाही, पण पोलक्याच्या खाली, साडीच्या निऱ्यांपाशी पोटाला घट्ट खोचून. वरून हात धरलेला. सोबत सासूबाई. सोबत कसल्या, पहाऱ्याला! सुनेनं डबी बदलली तर?

स्टँडवर काळी-पिवळी उभी. आणि काळी-पिवळीचा नियम तुम्हाला माहीत आहे. भरल्याशिवाय हलत नाही. ड्रायव्हर बाहेर उभा राहून "खामगाव, खामगाव!" ओरडतोय. कविता आत, पोटावर हात. वेळ चाललाय.

सासूबाईंनी एकदा कविताकडे बघितलं. एकदा ड्रायव्हरकडे. आणि काय झालं कोणास ठाऊक, त्या एकदम ओरडल्या, "चाल ना बे! जीव हाय तिच्यापाशी! तासाभरात दवाखान्यात नाई पोचला तं मरते!"

ड्रायव्हरनं वाकून आत बघितलं. बाई घामानं डबडबलेली, दोन्ही हातांनी पोट धरलेलं.

"बाप्पा! पहिले नाई का सांगाचं, मावशी!"

जी सुटली गाडी! नांदुऱ्याला हात करणाऱ्या माणसांसाठी थांबली नाही. हॉर्नवरचा हात काढला नाही. मागच्या सीटवरच्या दोन बायका कविताचे तळवे चोळायला लागल्या. एक म्हातारा स्तोत्र म्हणायला लागला. कविता सांगतेय, "मले काही नाई झालं वो," तर बायका म्हणतात, "पहिलटकरीण असंच म्हणते!" आणि सासूबाई? त्या गप्प बसल्या असतील तर शपथ! त्या खिडकीतून तोंड काढून समोरच्या ट्रॅक्टरवाल्याला म्हणत होत्या, "सरक बे! माहे नातू हायत गाडीत!"

दवाखान्याच्या पायरीला टेकवूनच गाडी थांबली. ड्रायव्हर आत पळत आला, "डिलिवरी हाय! डिलिवरी हाय!" सुनंदाताई स्ट्रेचर घेऊन धावल्या. मी हातमोजे घालून धावले. सर कपातला चहा टाकून धावले. कविता स्वतःच्या पायांनी चालत आली, माझ्यासमोर उभी राहिली, पदराआड हात घातला आणि डबी काढून माझ्या हातात दिली. छान कोमट होती.

"जिते हायत का पाहा, म्याडम," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक.

मी आत पळाले. काच लावली, डोळा लावला. आणि लॅबमध्ये ओरडायचं नसतं, पण मी ओरडले! पळत होते हो! सगळेच नाही, पण बरेच, आणि कसे! शाळा सुटल्यासारखे!

बाहेर आले तर ड्रायव्हर, त्या दोन बायका आणि स्तोत्रवाला म्हातारा, सगळे रांगेत उभे. ड्रायव्हरनं टोपी काढून विचारलं, "काय झालं ताई? पोरगा का पोरगी?"

सुनंदाताई म्हणाल्या, "अजून ठरलं नाई, भाऊ. सध्या पोहून राह्यले!"

निघताना सासूबाई सरांसमोर थांबल्या. पायातल्या चपलेकडे बघत म्हणाल्या, "तुळशीचं लगन तं चार दिवसावर आलं."

"मग, मावशी?"

"मंग काय? संक्रातीपर्यंत थांबतो."

*

आता शेवटचा. संक्रांतीच्या आधीचा सोमवार. सोमवारी आमच्याकडे जत्रा असते. बसायला जागा नाही, कोणी जिन्यात, कोणी दारात. दोन माणसं नंबरावरून भांडतायत. सुनंदाताईंच्या मानेत फोन अडकवलेला, डोळे रजिस्टरमध्ये, वरून ओरडणं चालू, "पाळीपाळीनं या! पाळीपाळीनं!"

मी लॅबच्या दारात उभी होते. गर्दीतून वाट काढत रामेश्वर आला. हातात कचोऱ्यांचा पुडा, तेलानं कागद पारदर्शक झालेला. मागे कविता. तिच्या मागे सासूबाई, कविताच्या दंडाला धरून, कोणाचा धक्का लागू नये म्हणून कोपर बाहेर काढून.

रामेश्वर काउंटरला टेकला. श्वास लागलेला.

"ताई... पाळी चुकली!"

सुनंदाताईंनी मानसुद्धा वर केली नाही. "चुकली तं चुकली. बसा मांगं, शेवटी घेतो."

"नाई ताई, तसं नाई..."

"तसंच असते. चहा प्याले गेले असान. सगळ्याईचीच चुकते." पेन तसंच चालू. "कितीनं चुकली? दोन नंबरानं का तीन?"

रामेश्वरनं मागे वळून बघितलं. कवितानं पदर डोक्यावर ओढला, पुढे झाली आणि काउंटरवर वाकून म्हणाली,

"बारा दिवसानं, ताई."